अंगणात ट्रॅम्पोलिन लावावा का? उन्हाळ्यात घरात अकरा लेकरं असतात

संत्रावाला_चांदूरबाजार
18 एप्रिल, रात्री 10:15

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच विचारतो आहे, थोडं लांबेल.

माझा लहान भाऊ पुण्याला नोकरीला असतो. त्याने माझ्या पोरीच्या वाढदिवसाला दहा फुटी ट्रॅम्पोलिन पाठवला, म्हणजे गोल पाईपला स्प्रिंगांनी ताणलेलं उड्या मारायचं कापड. दोन लांबलचक खोकी परवा आली. ट्रान्सपोर्टवाला तालुक्याच्या पुढे यायला तयार नव्हता, मी पिकअप करून घरी आणली. खोकी अजून ओसरीवर तशीच पडली आहेत. पोरगी नऊ वर्षांची आहे, शाळेतून आली की खोक्यावरचं चित्र पाहत बसते. पोरगा चार वर्षांचा, पुढच्या महिन्यात पाचवं लागेल. त्याला तर झोपेतही तेच दिसतं.

भावाने प्रेमाने पाठवलं आहे. त्याच्या सोसायटीत लेकरं रोज संध्याकाळी त्यावर खेळतात म्हणे. माझी बायको मात्र खोकी उघडू देत नाही, आणि त्याला कारण आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही इकडच्या एका यात्रेला गेलो होतो. तिथे पाळण्याच्या बाजूला ते जंपिंगवालं होतं, 40 रुपयांत पाच मिनिटं. एका वेळी सात-आठ पोरं आत. बारा-तेरा वर्षांचा एक दांडगा पोट्टा जोरात उतरला आणि त्याच क्षणी आमचा लहाना चेंडूसारखा उडाला. तोंड कडेच्या पाईपवर आपटलं, खालचा ओठ फाटला, चार टाके पडले. मी जाळीला हात लावून उभा होतो. दोन हातांवर लेकरू होतं आणि मला काहीच करता आलं नाही. हे मला अजून रात्री आठवतं.

आता आमच्या घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल. अंगण साधारण तीस बाय बावीस फूट. अर्ध्यात शहाबादी फरशी, अर्ध्यात माती. एका कोपऱ्यात कडुनिंब, त्याच्यापासून भिंतीपर्यंत कपडे वाळवायची तार. दुसऱ्या बाजूला विहीर, कठडा अडीच फुटांचा. खांबावरून घरात येणारी लाईटची केबल अंगणावरूनच जाते. ट्रॅक्टरची ट्रॉली आणि वखर-डवरे गोठ्याच्या भिंतीला टेकवलेले असतात.

मे लागला की दोन्ही बहिणी लेकरं घेऊन येतात, साळीचीही दोन येतात. सगळी मिळून अकरा. सगळ्यात मोठा पंधराचा, वजन पंचावन्न किलोच्या पुढे असेल. सगळ्यात लहान अडीच वर्षांची. आपल्याकडे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे हा गोतावळा जून उजाडेपर्यंत असतो. वर गल्लीतली पोरं. फाटक लावून घेणं आमच्याकडे चालत नाही, लोक नाव ठेवतात.

मी राखण करायला मोकळा नसतो. संत्र्याच्या आंबिया बहाराला पाणी देणं चालू आहे. ज्या आठवड्यात रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात रात्रभर बगीच्यात आणि सकाळी अंगावर पांघरूण. बायको स्वयंपाकात. आई आहे, पण तिचे गुडघे गेले.

माझा प्रश्न असा की चार वर्षांच्या पोराला यावर नेमकी किती भीती आहे? सोबत कडेने उभी लावायची जाळी आली आहे, ती लावली की झालं का? आणि लावायचाच तर या अंगणात कुठे? ज्यांच्या घरी खरंच आहे किंवा ज्यांना दवाखान्यातलं कळतं त्यांनी लिहा. भावाला काय सांगू हेही सुचत नाही.

——

एक्सरेवाली_ताई
18 एप्रिल, रात्री 11:32

भाऊ, मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात हाडांच्या दवाखान्यात चौदा वर्षांपासून एक्सरे काढते. जे टेबलावर येतं ते पाहिलेलं आहे, आणि आमच्या सरांना विचारून विचारून जे समजलं तेवढंच सांगते.

चार वर्षांच्या लेकराला त्यावर चढवू नका. जाळी असली तरी नाही, तुम्ही शेजारी उभे असलात तरी नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1977 पासून याबद्दल सावध केलं आहे. 2012 मध्ये त्यांनी पुन्हा सगळा अभ्यास मांडला आणि घरी ट्रॅम्पोलिन ठेवूच नये असंच सुचवलं. सहा वर्षांखालच्यांनी तर अजिबात वापरू नये. तिकडे हे खेळणं घरोघरी आहे, त्यामुळे जखमांची नोंदही तिकडचीच जास्त सापडते.

यात्रेत जे झालं ते तुमच्या नजरेचा दोष नव्हता, हे आधी मनातून काढा. ते होतंच तसं. मोठं पोरगं खाली येतं तेव्हा कापड दबतं आणि सगळ्या स्प्रिंगा ताणल्या जातात. ती ताकद परत वर येते. मोठ्याच्या वजनाने साठलेला तो झटका बाजूच्या लहान्याला बसतो. लहान्याचे पाय कापडावर टेकलेले असले तर ते उडतं, यात्रेत तसं झालं. पण त्याच वेळी ते खाली येत असलं तर त्याहून वाईट. त्याचे पाय टेकतात तेव्हा कापड वर येत असतं, म्हणजे ते मऊ कापडावर नाही, वर येणाऱ्या फळीवर उतरल्यासारखं होतं. गुडघ्याच्या जरा खाली नळीचं हाड दबून चिरतं. लेकरू पडलेलं नसतं, कुठे आपटलेलं नसतं. फक्त रडतं आणि पाय टेकत नाही. घरच्यांना वाटतं मुरगळला. दोन ते पाच वर्षांच्या लेकरांत हे इतकं ठरलेलं आहे की त्या चिरेला ट्रॅम्पोलिनचंच नाव पडलं आहे. पहिल्या एक्सरेत कधी कधी ती केसासारखी बारीक दिसते, कधी दिसतही नाही.

त्या अभ्यासात असं आहे की जवळजवळ तीन चतुर्थांश जखमा एकापेक्षा जास्त जण एकदम उड्या मारत असताना होतात. आणि त्यात सगळ्यात हलकं जे असेल त्याला जखम होण्याची शक्यता जड जोडीदारापेक्षा चौदा पटींपर्यंत. तुमच्याकडे पंचावन्न किलोचा भाचा आणि अडीच वर्षांची भाची एकाच अंगणात आहेत. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. जाळी नंतर.

जाळीचं म्हणाल तर ती लावल्याने जखमा नक्की कमी झाल्या असं त्या अभ्यासात दिसलं नाही. कारण सोपं आहे. बाहेर पडून होणाऱ्या जखमा चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त, फार तर चाळीस टक्क्यांच्या आत. बाकीच्या कापडावरच होतात, एकमेकांवर आदळून, हात चुकीचा टेकून, कोलांटी मारताना मानेवर पडून. त्या जाळीच्या आतच होतात. आणि राखणीचं सांगू का, एक तृतीयांश ते निम्म्या जखमा मोठं माणूस हजर असताना झालेल्या आहेत. माणसाचा हात तितका लवकर पोचतच नाही.

कोलांटीबद्दल मुद्दाम वेगळं लिहिते. पंधरा वर्षांचा पोरगा मोबाईलवर पाहून मारणारच. मान मोडण्याची भीती तिथे आहे. कोणी मानेवर किंवा डोक्यावर पडलं आणि मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात असं म्हणालं, तर त्याला उचलू नका, बसवू नका, पाणी पाजायला मान वर करू नका. आहे तसं ठेवायचं, डोकं दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरायचं आणि 108 ला फोन.

हा खेळ 2000 साली सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिथेसुद्धा एका कापडावर एकच जण असतो. बाकी स्पर्धांत जोडीने करायचा प्रकार असतो, त्यातही दोघांना दोन वेगळे ट्रॅम्पोलिन असतात. इतकी वर्षं तालीम केलेल्या माणसांना जर एकत्र चढवत नाहीत, तर आपल्या लेकरांना काय चढवायचं.

——

आर्वीची_मावशी
19 एप्रिल, सकाळी 6:50

आमच्याकडे होता. तीन उन्हाळे. तुमचं वाचून झोप लागली नाही म्हणून सकाळीच लिहिते.

आधी आपल्या उन्हाचं. कापड काळं असतं. मे महिन्यात सकाळी नऊनंतर त्यावर पाय ठेववत नाही, तळपायाला फोड येतात. कडेचा पाईप तर दुपारी चिमटीत धरता येत नाही. म्हणजे खेळ सकाळी उजाडल्यापासून आठपर्यंत आणि मग दिवस बुडाल्यावर. दिवस बुडाल्यावर अंगणात उजेड किती ते तुम्हीच पाहा.

उन्हाने जाळी खाल्ली. दिसायला चांगली उभी होती, तिसऱ्या उन्हाळ्यात मी सहज बोट खुपसलं तर पापडासारखी फाटली. त्याच जाळीवर आदल्या दिवशी लेकरं अंग टाकत होती. स्प्रिंगांवरची गादीही तशीच, वरचं प्लास्टिक तडकलं, आतला फोम उंदरांनी नेला. मग स्प्रिंगा उघड्या आणि त्यांच्या फटीत पाय. वांदरांनी जाळीच्या खांबांवर झोके घेऊन दोन खांब वाकवले ते वेगळंच.

वाऱ्याचं कोणी सांगत नाही. मे अखेरीस एका संध्याकाळी वादळ आलं, आपल्याकडे येतं तसं, आधी धूळ आणि मग गारा. ट्रॅम्पोलिन म्हणजे आडवं धरलेलं शीडच. तो उचलला गेला आणि गोठ्याच्या टिनांवरून पलीकडे शेजाऱ्याच्या वावरात तुरीच्या गंजीवर जाऊन पडला. तेव्हा अंगणात कोणी नव्हतं, एवढीच देवाची कृपा. आम्ही पायांना लोखंडी खुंट्या मारल्या होत्या, पण उन्हाळ्यात काळ्या मातीला ज्या भेगा पडतात त्यात खुंट्या ढिल्या झाल्या होत्या. तुमच्या अंगणावरून लाईटची केबल जाते म्हणता. मला तर वाचूनच कसंतरी झालं.

आणखी एक, खाली सावली असते म्हणून कुत्रं, शेळीचं पिल्लू, कधी लहान लेकरूच खेळत खेळत खाली जातं. वरून उडी पडली की कापड खाली किती दबतं ते लावल्यावर एकदा हाताने दाबून पाहा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझी पुतणी, सात वर्षांची. तिघी एकदम उड्या मारत होत्या, मी समोर तूर निवडत बसले होते. ती हातावर पडली. कोपर वाकडा झाला, लगेच सुजला. सासूबाई म्हणाल्या, पलीकडच्या गावी मालीश करून हाड बसवणारे आहेत, त्यांच्याकडे नेऊ, पिढ्यान् पिढ्या नेलं आहे. घरात मोठ्यांचा शब्द मोडायची सवय नाही आम्हाला. पण तिची बोटं गार लागली आणि पांढुरकी दिसली, तेव्हा मी कोणाचं ऐकलं नाही. हाताला जुन्या वहीचा पुठ्ठा लावला, ओढणीने गळ्यात अडकवला आणि गाडी काढायला लावली. त्याच रात्री ऑपरेशन करून दोन तारा टाकल्या. डॉक्टर म्हणाले, कोपराच्या वरचं हाड मोडलं की तिथली रक्ताची नळी दबू शकते. चोळलं किंवा कामट्या लावून आवळून बांधलं असतं तर रक्त थांबून पंजा जन्माचा वाकडा राहिला असता. आणि एक सांगितलं, असं लेकरू आणताना वाटेत चहा-बिस्किट काही देऊ नका, भूल द्यायला उशीर होतो. आम्ही वाटेत तिला चूप करायला केळं दिलं होतं. त्यामुळे ती मोडक्या हाताने चार तास तळमळत थांबली.

पुतणी आता आठवीत आहे, हात सरळ आहे. पाईप आम्ही काकडीच्या वेलाला लावले.

——

संत्रावाला_चांदूरबाजार
19 एप्रिल, दुपारी 1:20

मावशी, ताई, दोघींचे आभार. बायकोला मोबाईल वाचायला दिला. केळ्याचं वाचून तिचे डोळे भरले.

लहान्याचा प्रश्न मिटला, त्याला चढवणार नाही. पण पोरीचं काय? ती नऊची आहे, समजदार आहे. एका वेळी एकच, कोलांटी नाही, सकाळचा एक तास, असं केलं तर? खेळणं तिच्या नावाने आलं आहे. आणि फरशीवर कुटार, म्हणजे भुसा, पसरलं तर पडल्यावर मार कमी बसेल का?

——

एक्सरेवाली_ताई
19 एप्रिल, दुपारी 3:05

नऊची एकटी, मधोमध, साध्या उड्या, बाजूला मोठं माणूस आणि ते माणूस मोबाईल न पाहता, एवढं सगळं जमलं तर भीती बरीच कमी होते. जात नाही. पण हे जून-जुलैत, पाहुणे गेल्यावर जमेल. मे महिन्यात दहा लेकरं कडेला रांगेत उभी आणि एकटी तीच वर, हे एक दिवस चालेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही बगीच्यातून येऊन झोपलेले असाल. शिडी काढून ठेवा असं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि ठेवावीच, पण पंधराचा पोरगा शिडीशिवाय चढतो आणि लहान्यांना वर ओढून घेतो.

कुटार नको. फरशीवर ते सरकतं, दोन दिवसांत दबून जातं, आणि विंचू-काट्याला आयती जागा. मुळात फरशीवर लावूच नका. मातीची बाजू, चारही बाजूंनी निदान सहा-सात फूट मोकळं, वर काही नाही. तुमचं माप धरून पाहिलं तर कडुनिंब, तार, विहीर आणि केबल यांच्या मधे अशी जागा मला सापडत नाही. तुम्ही दोरी घेऊन दहा फुटांचं वर्तुळ आखून पाहा, आणि त्याच्या बाहेर सात फुटांचं दुसरं.

——

दर्यापूरचे_आबाजी
19 एप्रिल, रात्री 8:40

बापू, समदं वाचलं. एक गोष्ट कोणी बोललं नाई म्हून लिवतो. तुले कोणी ना कोणी सांगनच का उचीचा भेव वाटते त खड्डा खंदून जमिनीबरोबर बसव. आमच्या एका सोयऱ्यानं मोठ्या हौसेनं तसंच केलं. आपली मट्टी काळी. उन्हाळ्यात भेगा पडते, पावसात फुगते. पह्यल्याच पान्यात खड्ड्याच्या कडा ढासयल्या, पाईप एकीकून खाली बसला. खड्ड्यात गुडघाभर पानी साचलं, डास झाले. अन् पंधरा दिवसानं त्याच्यातून परड निंघाली, जह्यरी साप. लेकरं कापडावर अन् परड खाली. तवापासून त्यायनं खड्डा बुजवला. आपल्या मट्टीत थे काम करू नको.

अन् भावाले खरं सांग. त्यानं लेकरायसाठीच पाठवलं ना. मंग लेकरायसाठीच नाई म्हन. त्याले राग येनार नाई, अन् आला त मी बोलतो त्याच्यासंग, नंबर दे त्याचा.

——

संत्रावाला_चांदूरबाजार
21 एप्रिल, रात्री 9:55

काल सकाळी पोरीला सोबत घेऊन दोरीने वर्तुळ आखलं. पहिलं वर्तुळ कसंबसं बसलं. बाहेरचं विहिरीच्या कठड्यावरून आणि कडुनिंबाच्या बुडाखालून गेलं. तिने स्वतःच पाहिलं, मला काही सांगावं लागलं नाही. रडली मात्र खूप. मी तिच्याजवळ बसून राहिलो.

भावाला रात्री फोन केला. आधी यात्रेतल्या टाक्यांचं पूर्ण सांगितलं, ते त्याला आजवर नीट सांगितलंच नव्हतं, काळजी करेल म्हणून. मग ताईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, दादा, आमच्या सोसायटीत एका वेळी पाच-सहा चढतात आणि आपलं लेकरू त्यात सगळ्यात लहान आहे. त्याचं लेकरू तीन वर्षांचं. आज दुपारी त्याचा मेसेज आला की त्याने सोसायटीतल्या लोकांशी बोलायला घेतलं आहे आणि स्वतःच्या लेकराचं त्यावर चढणं बंद केलं आहे. खोकी तो परत बोलावतो आहे, पैसे पूर्ण मिळणार नाहीत, पण तो म्हणाला ते माझ्यावर सोड.

आबाजी, तुम्ही म्हणाला तसंच झालं, नंबर द्यायची वेळ आली नाही.

पोरीला विचारलं त्याऐवजी काय हवं. झोका म्हणाली, कडुनिंबाला, मोठा, दोघी बसतील असा. उद्या दोरखंड आणतो. कपड्यांची तार काढून मागच्या अंगणात नेली, विहिरीवर लोखंडी जाळी बसवायला वेल्डरला माप दिलं. जाळीचं काम तीन वर्षं टळत होतं.

——

आर्वीची_मावशी
22 एप्रिल, सकाळी 6:30

फांदी जिवंत आणि मांडीएवढी जाड पाहा, वाळवी लागलेली नको. दोरखंड फांदीवर घासतो तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला, आणि दर आठ दिवसांनी वर चढून गाठ पाहत जा, दोर वरूनच तुटतो. खाली फरशी येत असेल तर दोन ट्रॉल्या रेती टाका. अडीच वर्षांची भाची झोक्याच्या मागून पळत जाते का ते पहिले दोन दिवस कोणीतरी बघा, लहान्यांना मागचा झोका येताना दिसत नाही.